सीटाइप डॉट एच मराठीत: बारा ‘इज’ हातावेगळी, दोन ‘टू’ बाकी

सी भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीची मराठी पानं लिहायचं जे काम अंगावर घेतलंय, त्यातलं सीटाइप डॉट एच हे हेडर (तयार फंक्शनं वापरता यावीत म्हणून कोडच्या वर जोडायची फाइल) आता बरंचसं उरकत आलंय. यात एकूण चौदा फंक्शनं. बारा ‘इज’वाली, म्हणजे कॅरेक्टरबद्दल हो-नाही सांगणारी, आणि दोन ‘टू’वाली, म्हणजे लहान-मोठं अक्षर बदलून देणारी. ‘इज’ची पानं पूर्ण झाली, टू-लोअर आणि टू-अपर अजून हातात आहेत. (नावं इथे आपण बोलतो तशी लिहितोय. कोडमध्ये ती सलग, लहान अक्षरांत असतात हे तुम्हाला सांगायला नको.)

या वेळी पानाचा साचाच बदलला. बहुतेक ठिकाणी पान सुरू होतं ते असं: ‘दिलेलं कॅरेक्टर अक्षर आहे का ते तपासतं.’ अहो, ते तर इज-अल्फा या नावातच आहे, त्यासाठी कोण पान उघडतंय? या हेडरमध्ये घोडं पेंड खातं ते आर्ग्युमेंटपाशी, म्हणजे फंक्शनला जे द्यायचं त्यापाशी. फंक्शन घेतं इंट, म्हणजे पूर्णांक, पण कुठलाही इंट चालत नाही. आकडा अनसाइन्ड चारमध्ये मावणारा हवा (‘चार’ म्हणजे सीचा एका बाइटचा कॅरेक्टर प्रकार, अनसाइन्ड म्हणजे ऋण आकडे नसलेला, ० ते २५५), नाहीतर ईओएफ, म्हणजे फाइल संपल्याची खूण, हवा. बाकी काही दिलंत तर स्टँडर्ड हात वर करतं: अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे काय होईल याची हमी नाही. आता नेहमीच्या इंटेल मशीनवर साधा चार हा साइन्ड (ऋण आकडेही घेणारा) असतो, म्हणजे १२७ च्या वरचा प्रत्येक बाइट ऋण होतो. त्यामुळे माझ्या प्रत्येक पानावर ‘काय द्यायचं’ हा भाग पहिला, ‘काय करतं’ हा दुसरा.

आपल्यासाठी हे नुसतं पुस्तकी प्रकरण नाही. युनिकोडमध्ये ‘म’चा क्रमांक यू+०९२ई. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड बाइटांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, त्याचे तीन बाइट होतात: २२४, १६४, १७४. साइन्ड चारमध्ये हेच तीन वाचले की होतात उणे ३२, उणे ९२ आणि उणे ८२. म्हणजे मराठी मजकुराची स्ट्रिंग घेऊन कुणी चारच्या पॉइंटरनं सरळ इज-अल्फाला एकेक बाइट देत सुटलं, तर पहिल्याच अक्षराला नियम मोडला. इंग्रजी मजकुरावर तोच कोड वर्षानुवर्षं सुखानं चालतो, म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाही. उपाय एका ओळीचा: देण्याआधी अनसाइन्ड चारमध्ये कास्ट करा, म्हणजे प्रकार बदलून घ्या. ही ओळ मी बाराही पानांवर पुन्हा पुन्हा छापली आहे. पुनरुक्ती वाटेल, वाटू दे. माणूस सर्चमधून थेट इज-पंक्टच्या पानावर येतो, प्रस्तावना वाचून येत नाही.

नियम मोडला तर प्रत्यक्षात होतं काय, हे बघायला तीन लायब्रऱ्यांचं सोर्स उघडून बसलो. हा भाग मला सगळ्यात आवडला. जीलिबसीमध्ये (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) कुठल्या आकड्याला काय उत्तर याचा एक तक्ता आहे, ३८४ घरांचा. २५६ घरं पुरली असती, पण उणे १२८ पासूनची घरंही भरून ठेवली आहेत. कास्ट विसरणाऱ्यांची संख्या ओळखून केलेली सोय. त्यामुळे तिथे क्रॅश होत नाही, गुपचूप उत्तर मिळतं. मायक्रोसॉफ्टची डीबग लायब्ररी उलट स्वभावाची: आकडा उणे १ ते २५५ च्या बाहेर गेला की असर्शनची, म्हणजे ‘इथे चूक आहे’ असं सांगून प्रोग्राम थांबवणारी, चौकट तोंडावर. आणि अल्पाइन लिनक्समध्ये असते ती मसल लायब्ररी तक्ताच ठेवत नाही. तिचं इज-डिजिट म्हणजे एवढंच: आकड्यातून शून्याचा कोड, म्हणजे ४८, वजा करा, उत्तर अनसाइन्ड धरा आणि ते दहापेक्षा कमी आहे का बघा. ऋण आकडा अनसाइन्ड होताच प्रचंड मोठा होतो, म्हणून तो आपोआप बाद. इज-अल्फामध्ये तर ३२ च्या बिटशी आधी ऑर करून (म्हणजे तो बिट चालू करून) कॅपिटल आणि स्मॉल एकाच पट्ट्यात आणतात. ‘ए’ ६५ आणि लहान ‘ए’ ९७, फरक बरोबर एका बिटाचा, म्हणून हे जमतं. दोनदा वाचा, छान वाटतं.

यात अजून एक खोच आहे. साइन्ड चारमध्ये २५५ हा बाइट होतो उणे १, आणि ईओएफची किंमतही नेहमीच्या सगळ्या सिस्टिमवर उणे १ च. लॅटिन-१ या जुन्या एन्कोडिंगमध्ये २५५ म्हणजे दोन टिंबांचा लहान ‘वाय’, चांगलं खरंखुरं अक्षर. कास्ट नसेल तर ते अक्षर आणि फाइलचा शेवट यांत फरक उरत नाही. तक्त्यात भरपूर जास्तीची घरं ठेवली तरी ही गल्लत तक्ता सोडवू शकत नाही.

आता परतीच्या किमतीबद्दल. स्टँडर्ड म्हणतं: ‘हो’ असेल तर शून्य सोडून काहीही. हे ‘काहीही’ शब्दशः घ्या. इंटेलवर जीलिबसी इज-अल्फाला ‘हो’ म्हणून १०२४ परत देते, इज-डिजिटला २०४८, इज-अपरला २५६. तक्त्यातल्या घरात ज्याचा त्याचा बिट ठेवलाय आणि तोच तसाच उचलून हातात दिलाय. त्यामुळे ‘उत्तर १ आहे का’ असं विचारणारा कोड या तिघांपाशी कायम ‘नाही’ ऐकतो. त्याहून बेरकी प्रकार म्हणजे उत्तर चारमध्ये साठवणं. १०२४ चे खालचे आठ बिट सगळे शून्य, म्हणजे चारमध्ये उरतं शून्य, आणि ‘हो’चं ‘नाही’ होतं. मजा अशी की त्याच तक्त्यात इज-पंक्टचं ‘हो’ म्हणजे ४ आणि इज-अल्-नमचं ८. ही दोन्ही चारमध्ये सुखरूप मावतात. म्हणजे तोच चुकीचा कोड एका फंक्शनला चालतो आणि दुसऱ्याला नाही. हे उदाहरण पानावर पूर्ण दिलंय, आकड्यांसकट.

बाकीच्या पानांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. इज-स्पेस सहा कॅरेक्टरना ‘हो’ म्हणतं: स्पेस, टॅब, न्यूलाइन, व्हर्टिकल टॅब, फॉर्मफीड, कॅरेज रिटर्न. इज-ब्लँक फक्त स्पेस आणि टॅबला, आणि ते सी-९९ मध्ये आलं, आधी नव्हतं. इज-प्रिंट आणि इज-ग्राफमध्ये फरक फक्त स्पेसचा: ॲस्कीत (इंग्रजीचा १२८ कॅरेक्टरचा मूळ कोड) पहिल्याला ९५, दुसऱ्याला ९४. इज-पंक्टला ३२. मात्र या ३२ मध्ये डॉलर, अधिक, बरोबर, पेक्षा लहान-मोठं अशी नऊ चिन्हं आहेत, ज्यांना युनिकोड विरामचिन्ह म्हणत नाही, सिम्बॉल म्हणतो. दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेतून येणारे इथे हमखास अडखळतात. हे तक्ते मी हातानं लिहिले नाहीत. ० ते २५५ आणि ईओएफ एवढ्यांवर बाराही फंक्शनं फिरवणारा छोटा प्रोग्राम आहे, तोच तक्ता छापतो.

‘एवढं कशाला, ए ते झेडच्या मध्ये आहे का बघितलं की झालं’ असं म्हणणारे भेटतातच. त्यांच्यासाठी इज-अल्फाच्या पानावर एबसिडिक ठेवलंय. आयबीएमच्या मेनफ्रेमवरच्या या कोडमध्ये अक्षरं सलग नाहीत: ‘आय’नंतर फट, ‘आर’नंतर फट. त्या फटींत जे बसलंय त्यालाही तो कोड अक्षर म्हणेल. अंकांचं मात्र तसं नाही. ० ते ९ सलग असतील याची हमी सी भाषा स्वतः देते. इज-डिजिट आणि इज-एक्स-डिजिट या दोघांना लोकेलचंही (भाषा-प्रदेशाप्रमाणे निवडायच्या सेटिंगचंही) सोयरसुतक नाही. उरलेल्यांची उत्तरं लोकेलप्रमाणे बदलू शकतात. प्रोग्राम सुरू होतो तो ‘सी’ नावाच्या लोकेलमध्ये, आणि सेट-लोकेल बोलावेपर्यंत तिथेच राहतो.

लोकेल आलं की वाइड कॅरेक्टरचं (एका बाइटात न मावणाऱ्या अक्षरांसाठीचं) धाकटं हेडर, डब्ल्यूसीटाइप डॉट एच, आलंच. त्याची पानं पुढच्या टप्प्यात आहेत, पण चाचणीचा प्रोग्राम देवनागरीवर चालवून झाला, आणि हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. जीलिबसीच्या यूटीएफ-८ लोकेलमध्ये काना, वेलांटी, उकार, अनुस्वार या सगळ्यांना इज-डब्ल्यू-अल्फा, म्हणजे इज-अल्फाचं वाइड रूप, ‘हो’ म्हणतं. हलन्ताला ‘नाही’. युनिकोडच्या ‘अल्फाबेटिक’ गुणधर्मात मात्रा आहेत, हलन्त नाही, आणि जीलिबसी तिथूनच यादी घेते. अक्षर नाही पण दिसतं, म्हणून ते जाऊन बसतं विरामचिन्हांत. परिणाम बघा: सलग अक्षरं गोळा करून शब्द तोडणारा साधा लूप लिहिला की ‘पुस्तक’चे दोन शब्द होतात, ‘पुस’ आणि ‘तक’. ‘घर’, ‘पाणी’, ‘आंबा’ नीट येतात, जोडाक्षर आलं की तुकडा पडतो. पायथॉनचं इज-अल्फा त्याहून कडक, ते मात्रांनाही अक्षर मानत नाही, म्हणून ‘मराठी’ या शब्दालासुद्धा तिथे ‘नाही’ येतं. देवनागरी ‘५’ची तऱ्हा आणखी वेगळी. सी-९९ नं अंकांच्या वर्गात ० ते ९ या दहांखेरीज कुणाला घ्यायला मनाई केलीय. मग अल्-नममध्ये तरी ‘५’ यावा म्हणून जीलिबसीनं त्याला सरळ अक्षरांत घातलंय. म्हणजे आपला पाच तिथे अंक नाही, अक्षर आहे. याद्या तयार करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हे कारण कॉमेंट म्हणून लिहून ठेवलंय, गुपित काही नाही.

टू-अपर, टू-लोअर अडकलीत ती इतिहासात. १९७९ च्या युनिक्स सातव्या आवृत्तीत टू-अपर हा मॅक्रो (कंपाइल होण्याआधी कोडमध्ये भरला जाणारा मजकूर) होता आणि तो काहीही न तपासता ३२ वजा करायचा. ‘३’ दिला तर ५१ मधून ३२ जाऊन १९, एक कंट्रोल कॅरेक्टर. जुन्या कोडमध्ये टू-अपरच्या आधी इज-लोअर विचारलेलं दिसतं ते यामुळे. आताचं स्टँडर्ड स्पष्ट सांगतं की बदलण्यासारखं नसेल तर आलं तसं परत द्या, म्हणून ती तपासणी आता फालतू आहे, पण काढायची कुणी? दुसरा अडथळा तुर्की लोकेलचा. तिथे टिंबवाल्या लहान ‘आय’चं कॅपिटल टिंबासकट येतं. जुन्या एका बाइटच्या एन्कोडिंगमध्ये ते २२१ वर बसतं. यूटीएफ-८ मध्ये त्याला दोन बाइट लागतात, आणि एक आकडा घेऊन एक आकडा देणाऱ्या फंक्शनला ते परत देता येत नाही. याचं नेमकं उदाहरण पानावर कसं मांडावं, यावर अजून खटपट चालू आहे.

एक मदत हवी आहे. परतीच्या किमतींचा तक्ता मी फक्त इंटेलवर छापलाय. बिग-एंडियन (आकड्याचा मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या, इंटेलच्या उलट) मशीनवर जीलिबसी इज-अल्फाला १०२४ ऐवजी ४ देते असं सोर्समधून दिसतं, आणि मग वरचं चारमध्ये साठवण्याचं उदाहरण तिथे उलटं पडेल. कुणाच्या हाताशी एस-३९० (आयबीएमचा मेनफ्रेम) किंवा जुना पॉवर-पीसीचा लिनक्स असेल, तर प्रोग्राम पाठवतो. छापून आलेलं आउटपुट जसंच्या तसं कळवा, त्याचा कॉलम तक्त्याला जोडतो.