रकाना ‘पतीचा तपशील’

वंध्यत्व उपचार केंद्रात येणाऱ्यांचा पहिला कागद मी भरते. नाव, वय, पत्ता, मग पतीचं नाव. इतकी वर्षं हे विचारतेय की मान खालीच असते. त्या सोमवारी वर करावी लागली.

“पती नाही. ही आहे,” तिने शेजारच्या खुर्चीकडे हात केला.

मोठी ३६ वर्षांची, धाकटी ३१. नऊ वर्षं पुण्यात एकत्र राहतात. मोठीच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा रजा धाकटीने काढली होती. मूल दोघींना हवं होतं, पोटात मोठी वाढवणार होती.

आधी त्या दुसरीकडे जाऊन आल्या होत्या. तिथे “लग्न झालंय का?” याला “नाही” म्हटल्यावर आतून करायची सोनोग्राफी केलीच नाही. पोटावरून केली, काही नीट दिसलं नाही, लग्न झालं की या म्हणून परत पाठवलं. खरं तर “लग्न झालंय का?” हा प्रश्न आपल्याकडे लैंगिक संबंधांबद्दल थेट विचारायची लाज वाटते म्हणून विचारतात, आणि त्याचं उत्तर बाईच्या तपासण्या ठरवतं. या दोघींनी पुन्हा डॉक्टरची पायरी चढायला वर्ष घेतलं. तोवर मोठीचं एएमएच, म्हणजे बीजांचा साठा सांगणारा रक्तातला आकडा, ०.६ वर आलं होतं. स्त्रीबीजं फारच थोडी उरलेली.

डॉक्टरांनी तपासलं, मला म्हणाल्या, “सिंगल वुमन म्हणून नोंद करा.” त्यांचं चुकलं नव्हतं. २०२१ चा एआरटी, म्हणजे मूल होण्यासाठीच्या कृत्रिम उपचारांचा, कायदा दोनच दारं उघडी ठेवतो : विवाहित जोडपं, नाही तर एकटी बाई. दोन बायकांचं लग्न कायद्याला मान्य नाही, १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानेही ते संसदेवर सोडलं. त्यामुळे मोठीवर उपचार होऊ शकत होते, पण एकटी म्हणून. नऊ वर्षं जिच्यासोबत काढली तिच्यासाठी कागदावर जागा नव्हती.

हे समजावणं माझं काम. मी ते करत होते तेवढ्यात धाकटी म्हणाली, “मग माझी बीजं घ्या ना. माझी चांगली असतील. गर्भ तिच्या पोटात वाढेल. दोघींचं होईल.”

वैद्यकीयदृष्ट्या तिचं अगदी बरोबर होतं. परदेशात बायकांची जोडपी हे करतात. इथे मला नाही म्हणावं लागलं. दात्याचं स्त्रीबीज नोंदणीकृत बँकेतूनच यायला हवं, दाता २३ ते ३५ वयाची, आयुष्यात एकदाच देणार, सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत, आणि मुलावरचा सगळा हक्क सोडायचा.

“म्हणजे मी दिली तर अनोळखी बाईला जातील,” ती म्हणाली, “आणि हिला घ्यायची तर अनोळखी बाईची?”

“हो.”

सरोगसीचंही विचारून झालं. २०२१ च्याच दुसऱ्या कायद्याने एकट्या बाईला ती वाट ठेवलीय, पण ती विधवा किंवा घटस्फोटित असेल तर, आणि ३५ ते ४५ वयात. कधीच लग्न न केलेलीला नाही. नवरा होता आणि गेला, तर चालतं. हे बोलताना माझा आवाज चढला. समुपदेशकाचा चढू नये, पण चढला.

मोठीने मग तो प्रश्न विचारला जो मी तिला विचारणार होते. “बाळंतपणात मला काही झालं तर?”

मी वकील नाही, पण एवढं ठाऊक होतं की हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार अविवाहित आई मृत्युपत्र करून पालक नेमू शकते. ते करून घ्या, म्हटलं, गर्भ राहायची वाट बघू नका. आई हयात असेपर्यंत मात्र धाकटी त्या मुलाची कायद्याने कोणीच नाही. शाळेत नाही, दवाखान्याच्या संमतीपत्रावर नाही. धाकटीने हे सगळं वहीत उतरवून घेतलं, मुद्द्यांना आकडे घालून. मला तिची वही अजून आठवते.

शेवटी ठरलं : मोठीचीच जी काही बीजं मिळतील ती, आणि बँकेतले शुक्राणू. एक तरी प्रयत्न.

शुक्राणूंची मागणी बँकेला पाठवायचा आमचा एक छापील कागद आहे. दाता नवऱ्याशी जुळता मिळावा म्हणून त्यात वर रकाना असतो, ‘पतीचा तपशील’. रक्तगट, वर्ण, डोळ्यांचा रंग, केस. एकटी बाई असली की आम्ही तिथे रेघ मारतो. मी पेन टेकवलं आणि थांबले. मग ‘पतीचा’ हा शब्द खोडला आणि धाकटीकडे वळून विचारलं, “तुमचा रक्तगट?”

तिला आधी कळलंच नाही. मग मोठीने तिच्या मांडीवर हात ठेवला.

“बी पॉझिटिव्ह,” ती म्हणाली. “सावळा लिहा. डोळे काळे. केस कुरळे आहेत, ते लिहायचं असतं का?”

“लिहू,” म्हटलं.