आठ तुकडे

"आम्ही डुक्कर खातच नाही, आम्हाला कसला होतोय स्वाइन फ्लू," आज दवाखान्यात शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या आणि नातवाला लस न देताच उठून गेल्या. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

अहो, तो खाण्यातून येतच नाही, माणसाकडून माणसाला होतो, श्वासातून. डुकराचं नाव लागलं कारण त्याचे तुकडे डुकरांमधल्या फ्लूंकडून आले. या व्हायरसचा जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती, सलग नसतो, आरएनए नावाच्या रेणूचे आठ सुटे तुकडे असतात, आणि एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू शिरले की नव्या व्हायरसमध्ये दोघांचे तुकडे मिसळू शकतात, हिशेबाने 256 प्रकारे. मला थक्क करतं ते पॅकिंग! प्रत्येक तुकड्याच्या टोकांशी त्याची स्वतःची खूण असते, म्हणून बऱ्याचदा नव्या व्हायरसमध्ये आठही प्रकारचा एकेकच तुकडा भरला जातो, मधे एक, भोवती सात.

2009 चा व्हायरस असाच जुळला. सहा तुकडे उत्तर अमेरिकेतल्या डुकरांमधल्या फ्लूचे (त्यातही पक्ष्यांचे, माणसांचे मिसळलेले), दोन युरोप-आशियातल्या डुकरांकडचे. आणि देशातला पहिला बळी आपल्या पुण्यात गेला, शाळकरी मुलगी होती ती. शाळा बंद, थिएटरं बंद, सगळ्यांच्या तोंडाला मास्क नाहीतर रुमाल. एवढ्यात विसरलो आपण?