अँडोव्हरचे शिकारी पक्षी : वारा बघून आखलेला ऑक्टोबरमधला दिवस

हॅम्पशरमधल्या अँडोव्हर गावाजवळ, वेहिलला शिकारी पक्ष्यांचं संवर्धन करणाऱ्या हॉक कॉन्झर्वन्सी ट्रस्टचं केंद्र आहे. इंग्लंडमधली मराठी मंडळी पाहुणे आले की ए३०३ रस्त्याने स्टोनहेंजला जातात आणि हे ठिकाण वाटेत मागे पडतं. दोन्ही एका दिवसात उरकायच्या फंदात पडू नका. पक्षी उडवण्याची प्रात्यक्षिकं दिवसभर विखुरलेली असतात, त्यामुळे दुपारी दोनला पोहोचलेल्याच्या वाट्याला बहुतेक पिंजरेच येतात.

गाडी नसेल तर लंडन वॉटर्लूहून एक्झेटरकडे जाणारी ट्रेन घ्या. अँडोव्हर साधारण सव्वा तासावर आहे. तिथून पुढे पाचएक किलोमीटर टॅक्सीने जावं लागतं. परतीची टॅक्सीही तेव्हाच ठरवून टाका. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि पाचच्या आत सूर्य मावळतो. हिवाळ्यात उघडण्याचे दिवस आणि वेळा बदलतात, म्हणून निघण्याआधी संकेतस्थळ पाहून तिकीट काढा. कुत्रा घरीच ठेवा.

शरद ऋतूच का? शिकारी पक्ष्यांची पिसं गळून नवी येण्याचा काळ मुख्यतः वसंत ते शरद असा असतो. ऑक्टोबरपर्यंत बहुतेकांच्या पंखांतल्या फटी भरलेल्या असतात आणि उड्डाणात ते लगेच दिसतं. शिवाय वारा असतो.

इथलं सगळं गणित वजनावर चालतं. प्रत्येक पक्ष्याला रोज सकाळी तराजूवर उभं करतात आणि त्याचं उडवण्याचं वजन ठरलेलं असतं. तीनशे-साडेतीनशे ग्रॅमच्या गव्हाणी घुबडाला दहा-पंधरा ग्रॅमही पुष्कळ. वजन जास्त भरलं तर भूक नाही, आणि भूक नाही तर प्रशिक्षकाच्या हातमोज्यावर परत येण्याचं कारणच उरत नाही. कमी भरलं तर अंगात ताकद नाही. थंडी वाढली की ऊब राखण्यातच शक्ती खर्च होते, म्हणून खाणं वाढवावं लागतं. हा मेळ थोडा चुकला की पक्षी झाडावर जाऊन बसतो. निवेदक त्याला ‘आज मूड नाही’ म्हणतात आणि लोक हसतात, पण त्यामागे बहुतेक वेळा हा तराजू असतो.

दुसरी गोष्ट वारा. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उतरतो, म्हणून वारा तुमच्या पाठीवर येईल अशी जागा धरा. तो समोरून येताना दिसेल. झेंड्याकडे किंवा गवताकडे पाहिलं की दिशा कळते. वारा पडलेल्या, मळभाच्या दिवशी गिधाडं जमिनीवरच रेंगाळतात, कारण त्यांना उचलणारी हवाच नसते. पावसात घुबडं उडवत नाहीत: आवाज होऊ नये म्हणून मऊ असलेली त्यांची पिसं पटकन भिजतात. त्यामुळे पाऊस दुपारनंतर असेल तर घुबडांचा कार्यक्रम सकाळीच बघून घ्या. घारी आणि ससाणे मात्र वाऱ्यातच खरे खुलतात. वर एखादी रानटी रेड काइटही घिरट्या घालताना दिसेल. इंग्लंडमधून नामशेष झालेली ही घार १९८९ पासून चिल्टर्न टेकड्यांत पुन्हा सोडली गेली आणि आता दक्षिणेत सर्वत्र पसरली आहे.

कॅमेऱ्याला ७०-२०० मिमीची लेन्स पुरते. ६००ची लेन्स नेणाऱ्यांच्या चौकटीत नुसता पंख सापडतो, इतक्या जवळून पक्षी जातात. शटर १/२००० सेकंदाच्या खाली नको, आणि बहिरी ससाण्यासाठी १/३२०० ठेवा. पक्षी डोक्यावरून जाताना उठू नका, हात वर करू नका, मुलांना खांद्यावर घेऊ नका. हातात सँडविच तर मुळीच नको. बाकं ओली असतात, बसायला प्लॅस्टिक न्या आणि बूट पाणी न शिरणारे घाला.

गिधाडांपुढे मात्र वेळ काढा. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी जगभर पाळला जाणारा गिधाड जागृती दिन ज्या दोन संस्थांच्या उपक्रमांतून उभा राहिला, त्यातली एक हीच. इथे दिसणारी आफ्रिकी पांढऱ्या पाठीची गिधाडं आपल्याकडच्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडाची जवळची नातलग. आपली गिधाडं मेलेली गुरं खाऊन, त्या गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे, मूत्रपिंडं निकामी होऊन मेली. भारताने गुरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी घातली. रायगडच्या चिरगावातली गिधाडं पाहिलेल्यांना इथले माहितीफलक वेगळ्याच डोळ्यांनी वाचावेसे वाटतील.

केंद्रात जखमी शिकारी पक्ष्यांचं रुग्णालयही आहे, आणि परतीच्या रस्त्यावर त्याची गरज पडू शकते. शरदात गव्हाणी घुबडाची पिल्लं नवी जागा शोधत बाहेर पडतात आणि रस्त्यांवर गाड्यांना आपटतात. असं घुबड सापडलं तर आधी गाडी सुरक्षित जागी उभी करा. मग पक्ष्यावर टॉवेल टाकून पंख अंगाशी घेत उचला, पाय नीट धरा, कारण जखम चोचीपेक्षा नखांनी होते. भोकं पाडलेल्या, झाकणाच्या खोक्यात अंधारात ठेवा. दूध, पाव, पाणी काहीही पाजू-भरवू नका. रुग्णालयाला फोन करून विचारा आणि खोकं पुन्हा पुन्हा उघडून बघू नका.