जळका वास, ढिला स्क्रू आणि आतली कडी

आठवडाभर झोपायच्या खोलीत हीटर लावला की थोड्या वेळाने मासळीसारखा उग्र वास यायचा. खिडकी उघडायची, वास गेला की विषय संपला. एका संध्याकाळी प्लग काढायला गेले, तर चटका बसला. सॉकेटच्या एका भोकाभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडून वाकलं होतं. मेन स्विच बंद केला आणि वायरमनला बोलावलं.

त्यांनी सॉकेट उघडलं. मागचा स्क्रू ढिला, तारेचं टोक काळं, वरचं आवरण कडक होऊन तडकलेलं. मी विचारलं, "मग एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप पडणारा खटका, का नाही पडला?" ते म्हणाले, "करंट वाढलाच नाही, तर तो पडेल कशाला?" इतकी वर्षं मी त्या खटक्याच्या भरवशावर निर्धास्त होते! भार जास्त झाला किंवा शॉर्टसर्किट झालं, तरच तो पडतो. ढिल्या जोडात मात्र तार जिथे नीट टेकत नाही तिथला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो आणि तेवढीच जागा तापते. तापून धातू काळवंडतो, रोध आणखी वाढतो, पुन्हा जास्त तापते. शेजारी पडदा असेल तर एवढं पुरतं. आमचा पडदा त्या सॉकेटला घासत होता.

सॉकेट आणि जळलेली तार बदलली. मग मी घरातलं जास्त वीज खाणारं एकेक उपकरण अर्धा तास चालवून, बंद करून, प्लगला हात लावून पाहिला. पलंगाखाली गुंडाळून ठेवलेली एक्स्टेंशनची वायर चांगलीच गरम लागली. वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडायला वावच नसतो. ती काढलीच. हीटर आता थेट भिंतीच्या सॉकेटवर चालतो आणि कपड्यांपासून किमान १ मीटर लांब असतो. धूर वर चढतो म्हणून छताला धुराचा अलार्म लावला. महिन्यातून एकदा बटण दाबून तो वाजवून बघते.

सगळ्यात अवघड गेला तो रात्री दिवे बंद करून बाहेर पडण्याचा सराव. धूर आधी वर साचतो, जमिनीजवळ हवा त्यातल्या त्यात बरी असते, म्हणून मुलं रांगत निघाली. मुख्य दाराची किल्ली मात्र कपाटात! आणि सासूबाईंना वाकता येत नाही, शिवाय त्या आतून कडी लावून झोपतात. त्यांना बाहेर कोणी आणायचं, यावर आम्ही बराच वेळ बोललो. ते काम माझ्याकडे आलं. किल्लीसाठी दाराजवळ खिळा ठोकला. बंद दार धूर आणि आग बराच वेळ अडवतं, त्यामुळे सासूबाई दार बंदच ठेवतात, पण कडी आता लावत नाहीत.