तुम्ही विचारलंत म्हणून: पुठ्ठ्याच्या कर्ण्यात आकाशगंगा सापडते का?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं, शाळेतले विज्ञानशिक्षक, हौशी खगोलप्रेमी, सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच असतो: घरी केलेल्या रेडिओ दुर्बिणीनं, म्हणजे कर्ण्याच्या (फनेलच्या) आकाराच्या अँटेनानं, खरंच काही पकडता येतं, की ते नुसतं प्रदर्शनात मांडायचं मॉडेल?

पकडता येतं. आकाशगंगेतला थंड हायड्रोजन १४२०.४०६ मेगाहर्ट्झला, म्हणजे २१ सेंटिमीटर तरंगलांबीला, सतत बोलत असतो. हार्वर्डमध्ये यूएन आणि पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञांनी २५ मार्च १९५१ रोजी तो पहिल्यांदा ऐकला, तोही प्लायवूडला आतून तांबं लावलेल्या आणि प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर काढलेल्या कर्ण्यातून. पावसाचं पाणी त्या कर्ण्यात शिरून थेट प्रयोगशाळेत यायचं आणि येणारे-जाणारे विद्यार्थी त्यात बर्फाचे गोळे टाकायचे. तुमच्या गच्चीवरची अवस्था याहून वाईट नसेल.

पण बहुतेक गट कर्णा बनवण्यात दोन महिने घालवतात आणि मोजमापाला दोन दिवस ठेवतात. माझ्या मते हे नेमकं उलटं हवं, कारण कर्णा एका शनिवार-रविवारचं काम आहे.

कर्णा आकाशातली लहर गोळा करून मागच्या डब्यात सोडतो आणि डब्यातली तार ती पकडते. हा मागचा डबा म्हणून थिनरचा चौकोनी पत्र्याचा डबा घ्या. त्याची रुंद बाजू १७ सेंमीच्या आसपास आणि अरुंद बाजू १० सेंमी हवी. अरुंद बाजू साडेदहाच्या वर गेली की नको असलेली आडवी लहरही आत शिरते. १५ लिटरचा तेलाचा डबा सहज मिळतो म्हणून वापरतात, पण तो या कामाला फार रुंद पडतो. डब्याचं एक तोंड कापायचं आणि बंद तळापासून ६.७ सेंमीवर, रुंद बाजूच्या बरोबर मध्ये भोक पाडून एन टाइप किंवा एसएमए कनेक्टर बसवायचा. कनेक्टरच्या मधल्या पिनेला २ मिमी जाडीची तांब्याची तार सोल्डर करा. ५.३ सेंमीपासून सुरुवात करा आणि नॅनोव्हीएनए (अँटेनातून परतणारा सिग्नल मोजणारं छोटं यंत्र) हाताशी असेल तर परतणारा सिग्नल १४२० ला सर्वांत कमी होईपर्यंत मिलिमीटर-मिलिमीटर कापत जा. हे यंत्र नसेल तर ५.२ वर थांबा. कनेक्टर टेकतो तिथला रंग आणि आतलं लॅकर खरवडायला विसरू नका. पत्र्याशी नीट संपर्क नसलेला कनेक्टर बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून काहीच देत नाही.

पुढच्या कर्ण्याचं तोंड ७५ बाय ६० सेंमी आणि अक्षावरची लांबी ७० सेंमी. चार तुकडे लागतात. १७ पासून ७५ पर्यंत रुंदावणाऱ्या दोन तुकड्यांची तिरपी उंची ७४.३ सेंमी, तर १० पासून ६० पर्यंत रुंदावणाऱ्या दोघांची ७५.८. चारही एकाच उंचीचे कापले की कडा जुळत नाहीत, मग चिकटपट्टीचे थर चढत जातात. जाड पुठ्ठ्यावर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल पुरते, कारण या वारंवारतेला विद्युतप्रवाह ॲल्युमिनियमच्या दोनेक मायक्रॉन थरातच वाहतो आणि फॉइल दहा मायक्रॉनच्या आसपास असते. सांध्यांवर फॉइल चार-पाच सेंमी एकमेकांवर चढवा. सुरकुत्यांची काळजी करू नका, फटींची करा.

या कर्ण्याला आकाशाचा साधारण २० अंशांचा तुकडा एकदम दिसतो. चित्र काढायला तो निरुपयोगी, पण आकाशगंगेचा पट्टा ओळखायला पुरेसा.

आता खरं काम. तारेतला क्षीण सिग्नल अँप्लिफायर वाढवतो, मग केबलमधून तो लॅपटॉपला लावलेल्या आरटीएल-एसडीआर डोंगलमध्ये, म्हणजे यूएसबीवरच्या छोट्या रेडिओ रिसीव्हरमध्ये, जातो. अँप्लिफायर डब्याला चिकटूनच हवा, लॅपटॉपपाशी नको. आरजी-५८ ही नेहमीची बारीक केबल या वारंवारतेला मीटरमागे अर्ध्या डेसिबलहून जास्त खाते. पाच-सहा मीटर केबल आधी आणि अँप्लिफायर नंतर लावलात, तर निम्मा सिग्नल वाटेत जातो आणि केबल स्वतःचा गोंगाट वर घालते. अँप्लिफायरचा नॉइज फिगर, म्हणजे तो स्वतः घालत असलेल्या गोंगाटाचं माप, एक डेसिबलच्या आत असावा आणि सोबत १४२० चा फिल्टर हवाच, कारण शहरात ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झचे मोबाइल टॉवर साध्या अँप्लिफायरला गुदमरवतात. सॉबर्ड एच१ सारख्या तयार पट्टीत दोन्ही असतं. तिला वीज केबलमधूनच जाते, म्हणून डोंगलमधली बायस-टी (केबलमधून वीज पाठवणारी सोय) सुरू करावी लागते. ती सुरू करताच पडद्यावरची गोंगाटाची पातळी ठळकपणे वर चढायला हवी. चढली नाही तर अँप्लिफायर झोपलेला आहे, पुढे जाऊ नका.

त्यानंतरही लगेच हायड्रोजन शोधायचा नाही. आधी ऑटोमॅटिक गेन बंद करून गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) एका आकड्यावर पक्का करा, नाहीतर डोंगल प्रत्येक फरक स्वतःच भरून काढतं. मग कर्णा मोकळ्या आकाशाकडे धरा आणि नंतर जमिनीकडे. रेडिओत गोंगाट तापमानात, केल्विनमध्ये मोजतात: जमीन सुमारे ३०० केल्विनची, थंड आकाश दहाएक केल्विनचं. दोन्हींच्या शक्तीचं गुणोत्तर काढा, अर्थात डेसिबल नव्हे तर साधे आकडे घेऊन. जमीन आकाशाच्या २.८ पट आली तर (३०० + टी) भागिले (१० + टी) बरोबर २.८, म्हणजे तुमच्या यंत्राचा स्वतःचा गोंगाट टी सुमारे १५० केल्विन. हे छान आहे. गुणोत्तर दोनच्या खाली असेल तर कनेक्टर, केबल, फिल्टर तपासत बसा. एकच्या जवळ असेल तर तुम्ही आकाश ऐकतच नाही आहात.

हा आकडा इतका महत्त्वाचा का? आकाशगंगेच्या पट्ट्यात हायड्रोजन फार तर काही दहा केल्विनची भर घालतो. दीडशेवर तीस-चाळीस म्हणजे जेमतेम एक डेसिबल. आणि डोंगलचा स्वतःचा आलेख (कोणत्या वारंवारतेला किती शक्ती ते दाखवणारा) कडांना याहून जास्त वाकलेला असतो. त्यामुळे हायड्रोजनची रेघ, म्हणजे आलेखातला त्याचा उंचवटा, थेट दिसत नाही; हायड्रोजन नसलेल्या संदर्भाच्या आलेखानं भागून काढावी लागते. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा टर्मिनेटर (कनेक्टरवर बसणारा रोध) लावून संदर्भ घेण्याचा मोह होतो, पण टर्मिनेटर आणि कर्णा अँप्लिफायरला वेगवेगळे भेटतात, म्हणून भागाकारात लाटा उरतात. संदर्भ त्याच कर्ण्यातून घ्यावा.

आणि इथे महाराष्ट्राचं अक्षांश कामी येतं. पुण्याहून कर्णा सरळ डोक्यावर रोखून विटांवर टेकवून ठेवलात, तरी पृथ्वीच्या फिरण्यानं २४ तासांत आकाशगंगेचा पट्टा दोनदा वरून जातो: एकदा श्रवण ताऱ्याच्या उत्तरेला दहाएक अंशांवर, एकदा मृगाच्या वर मिथुनाच्या पायाशी. ऑक्टोबरच्या मध्यात पहिला संध्याकाळी साडेसहाच्या आसपास, दुसरा पहाटे पाचच्या सुमारास. आणि त्यानंतर दुपारी बाराच्या सुमारास, अरुंधती केश हा तारकासमूह डोक्यावर असताना, आकाशगंगेचा उत्तर ध्रुव खस्वस्तिकापासून (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून) नऊएक अंशांवर येतो. तिथे हायड्रोजन सर्वांत विरळ, म्हणजे संदर्भ आयताच मिळाला. फिरवायची मोटर नको, स्टँड नको. ढगांची अडचण नाही, फक्त पुठ्ठा भिजू देऊ नका.

डोंगल २.४ मेगाहर्ट्झ रुंदीवर चालवा आणि मध्य १४२०.० वर ठेवा, कारण नेमक्या मध्यावर डोंगलचा स्वतःचा एक सुळका असतो आणि तो हायड्रोजनवर बसायला नको. ही रुंदी १०२४ खान्यांत विभागा, प्रत्येक नोंद पाच मिनिटांची. सरासरी शक्तीची काढायची, डेसिबलची नाही. अर्धा तास डोंगल तापू द्या. डोंगलची वारंवारता ठरवणारा स्फटिक एक पीपीएम (दहा लाखांत एक) अचूकतेचा असेल तर वायूच्या वेगात चूक ०.३ किमी प्रतिसेकंद येते, स्वस्तातल्या ५० पीपीएमवाल्यात १५.

आलेलं टेंगूळ खरं कशावरून? अणकुचीदार सुई असेल तर ती बहुधा एलईडी दिव्याची, चार्जरची नाहीतर लॅपटॉपची. हायड्रोजनचा उंचवटा शे-दोनशे किलोहर्ट्झ किंवा अधिक पसरट असतो. मिथुनाच्या बाजूला तो त्यातल्या त्यात अरुंद आणि श्रवणाकडे रुंद, कारण तिकडे वायू वेगवेगळ्या वेगांनी आपल्या दिशेनं आणि आपल्यापासून दूर धावतो. प्रत्येक ४.७४ किलोहर्ट्झ सरकणं म्हणजे एक किमी प्रतिसेकंद. शिवाय खरी रेघ रोज चार मिनिटं आधी येते. शेजारच्यांचा दिवा तसं करत नाही.

या सरकण्यावरून वायूचा वेग काढताना पृथ्वीची सूर्याभोवतीची ३० किमी प्रतिसेकंद गती आणि सूर्याची स्वतःची २० च्या आसपासची गती वजा करायची राहून गेली, तर डिसेंबरचा आणि मेचा आलेख जुळणार नाही आणि तुम्ही कनेक्टर पुन्हा खरवडत बसाल.