दहाच्या कॅन्डलला अकराचा भाव ठाऊक होता

बाजारात आपोआप खरेदी-विक्री करणारा प्रोग्राम लिहायचा होता आणि त्याची कल्पना एका वाक्यात मावणारी होती. तासाच्या चार्टवर भाव तेजीत असताना पाच मिनिटांच्या चार्टवर तो झपकन खाली आला, तर खरेदी करायची. चार्टवर बोट ठेवून मी अशा वीस जागा दाखवू शकत होतो. कोड लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. तेजीत म्हणजे काय? झपकन म्हणजे किती? मग कागद घेतला. तासाचा क्लोज, म्हणजे त्या तासाचा शेवटचा भाव, मागच्या २० कॅन्डलच्या (कॅन्डल म्हणजे चार्टवरची एकेका कालावधीच्या भावाची पट्टी) सरासरीच्या वर, पाच मिनिटांचा क्लोज त्याच्या २० कॅन्डलच्या सरासरीपासून २ स्टँडर्ड डेव्हिएशन (भाव सरासरीभोवती किती पसरतो याचं माप) खाली. भाव सरासरीला परतला की विक्री, नाहीतर स्टॉप लॉस, म्हणजे ठरलेल्या तोट्याला विकून बाहेर. नियम असा बांधल्यावर माझ्या वीसपैकी निम्म्याहून जास्त जागा गळाल्या. भाव पुढे कुठे गेला हे बघूनच मी त्या निवडल्या होत्या.

पायथनमध्ये बॅकटेस्ट, म्हणजे जुन्या भावांवर नियमाची चाचणी, लिहायला आठवडा लागला. नफ्याचा आलेख जिन्यासारखा वर चढत गेला, मध्ये घसरण जवळजवळ नाहीच. आनंद झाला, पण इतका सरळ आलेख पचेना. म्हणून एकेक व्यवहार हाताने तपासायला घेतला. १० वाजून ५ मिनिटांनी झालेली एक खरेदी उघडली. त्या क्षणी कोडने तासाचा जो क्लोज वापरला होता, तो ११ वाजता ठरलेला होता! पांडाज ही पायथनची डेटा हाताळायची लायब्ररी पाच मिनिटांच्या कॅन्डल जोडून तासाची कॅन्डल बनवतं तेव्हा तिच्यावर सुरुवातीची वेळ टाकतं. १० ते ११ च्या कॅन्डलवर १० चा शिक्का. मी दोन्ही तक्ते वेळेवरून जोडले होते, म्हणजे प्रत्येक खरेदीला पुढच्या तासाभराची बातमी आधीच मिळत होती. तासाची कॅन्डल पूर्ण झाल्यावरच दिसेल अशी एक घर पुढे सरकवली, खरेदी सिग्नलनंतरच्या (सिग्नल म्हणजे नियमाने दिलेला खरेदी-विक्रीचा इशारा) कॅन्डलच्या ओपनला, म्हणजे पहिल्या भावाला, धरली. जिना मोडला, उरला तो बेताचा चढ.

त्या दिवशी एक चाचणी लिहिली, आणि या साऱ्या खटाटोपात माझा सगळ्यात जास्त विश्वास तिच्यावरच आहे. डेटा मधल्या कुठल्याही वेळेला कापायचा आणि सिग्नल पुन्हा काढायचे. कापलेल्या जागेपर्यंतचे सिग्नल पूर्ण डेटातल्या सिग्नलशी तंतोतंत जुळले पाहिजेत. एकही बदलला तर भविष्य कुठूनतरी गळतंय. कोडमध्ये काहीही बदल केला की ही चाचणी आपोआप चालते.

मग खर्च. दलाली, कर, खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर, स्लिपेज (अपेक्षित आणि प्रत्यक्ष मिळालेल्या भावातला फरक) हे सगळं धरल्यावर दर व्यवहाराचा सरासरी नफा निम्म्याहून खाली आला. आकडे फिरवून तो वाढवायचा मोह झाला, पण डेटातलं शेवटचं एक वर्ष मी बाजूला झाकून ठेवलं होतं. ते एकदाच उघडलं. नफा कमी, पण टिकला.

पेपर ट्रेडिंगमध्ये, म्हणजे खोट्या पैशाच्या सरावात, वेगळंच दुखणं निघालं. ऑर्डर गेली, नेट तुटलं, उत्तर आलं नाही. प्रोग्रामने तीच ऑर्डर पुन्हा पाठवली आणि पोझिशन, म्हणजे हातात असलेला सौदा, दुप्पट झाली. पैसे खोटे होते तरी अंगावर काटा आला. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकी कंपनीचं असंच सुटलेल्या ऑर्डरींनी सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं होतं. नवा कोड आठपैकी एका सर्व्हरवर पोचलाच नव्हता आणि तिथला जुना, निकामी कोड जागा झाला. आता माझी प्रत्येक ऑर्डर स्वतःचा क्रमांक घेऊन जाते. उत्तर आलं नाही तर प्रोग्राम आधी ब्रोकरकडे त्या क्रमांकाची चौकशी करतो. सुरू होताना स्वतःच्या नोंदी आणि ब्रोकरकडची पोझिशन ताडून बघतो, फरक दिसला तर जागेवर थांबतो. दिवसाच्या तोट्याची मर्यादा ओलांडली की नव्या खरेद्या बंद.

सध्या सगळ्यात कमी संख्येवर खऱ्या पैशाने चालू आहे. रोज बाजार बंद झाल्यावर त्याच दिवसाचा बॅकटेस्ट चालवतो आणि दोन्हीकडचे सिग्नल शेजारी ठेवतो. गेल्या आठवड्यात एक जुळला नाही. शोधत गेलो तर डेटा पुरवणाऱ्याने दुपारच्या एका कॅन्डलचा क्लोज संध्याकाळी दुरुस्त केला होता. तेव्हापासून बाजार चालू असताना आलेली प्रत्येक कॅन्डल, आली त्या क्षणाच्या वेळेसकट, माझ्याकडे वेगळी साठवतोय.