पावसाळ्यातला सराव: कधी कॅन्सल करायचा (सहावा आठवडा)

परळला शनिवारी सहा ते आठ आमचा मंगळागौरीच्या खेळांचा खुला सराव असतो, कोणीही या, हॉलच्या भाड्यात वाटा द्या, झालं. सहा आठवड्यांत चार झाले, दोन कॅन्सल केले, आणि त्यातला एक उगाच केला.

आधी तेच सांगते. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट बघून मी घाबरले आणि साडेचारला ग्रुपवर मेसेज टाकला, तोवर डोंबिवलीची आमची एक ताई नऊवारी नेसून, अंबाडा घालून, गजरा माळून ठाण्याच्या पुढे आलेली. बोलली काही नाही, लोकलमधून नथीसकट सेल्फी पाठवला फक्त. आणि परळला काय तर भुरभुर! ऑरेंज म्हणजे २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिमी पाऊस, पण तो अख्ख्या जिल्ह्याला असतो आणि त्या चोवीस तासांत कधीही, आपल्या सहा ते आठचं त्यात काहीच कळत नाही. हॉलवाल्यांनी भाडंही परत दिलं नाही, ते वेगळंच.

म्हणून आता भरतीची वेळ आधी बघते. समुद्र साडेचार मीटरच्या वर चढला की नाल्यांची तोंडं बंद करावी लागतात, मग पंप चालतील तेवढंच पाणी बाहेर, आणि परळजवळचा हिंदमाताचा सखल भाग पाण्याने भरतो. गंमत म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरत्या मुंबईत दुपारी बारा-एकच्या आसपास आणि परत मध्यरात्री येतात, आमच्या सरावाला ओहोटी असते. अष्टमीच्या सुमारास संध्याकाळी भरती येते खरी, पण ती बुटकी. त्यामुळे दीप अमावास्येच्या शनिवारी सगळ्या नको नको म्हणत असताना मी सराव ठेवला, फक्त साडेसातला आटपला, अकरा जणी आल्या आणि गोफ पहिल्यांदा न गुंतता सुटला!!

दुसरा कॅन्सल केला तो बरोबरच होता, सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी होतं, त्यावर चर्चा काय करायची.

आता ठरवलंय की निर्णय दुपारी एकला, लांबच्या बायका साडी काढायच्या आधी. नंतर लोकल बंद पडली तरच मेसेज. तीन तासांचा नाउकास्ट (म्हणजे पुढच्या तीन तासांचा हवामान अंदाज) चारला बघते पण तो कॅन्सल करायला नाही, हॉलमध्ये पुसायची फडकी किती न्यायची त्यासाठी. हसू नका, तिसऱ्या आठवड्यात छत्र्यांचं पाणी दारातून कोटा फरशीवर आलं आणि फुगडीत माझीच टाच सटकली, समोरचीने हात सोडला नाही म्हणून वाचले. बाहेरच्या पावसापेक्षा ते पाणी वाईट. तेव्हापासून दारात दोन गोणपाटं, छत्र्या बादलीत, आणि पाय कोरडे केल्याशिवाय झिम्म्यात यायचं नाही.

या शनिवारी यलो अलर्ट दिसतोय, ऑरेंजच्या एक पायरी खालचा. गोणपाटं अजून वाळलेली नाहीत, पंख्याखाली टाकलीयेत.